गोरेगावला मुलगा पाहायला गेलेली लांडोर

मुलगा पाहायला मुलगीच जाणार, असं मी जाहीर केलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे तिला उत्क्रांतीचा इतिहासच ऐकवला. मोराचा पिसारा लांडोरीच्या पसंतीतून घडला, असं उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या दाढीवाल्या साहेबांनी लिहिलं; पण नैसर्गिक निवडीचा विचार स्वतंत्रपणे मांडणारा त्यांचा शास्त्रज्ञ जोडीदारच ते मानेना. मादी कुठं निवड करते का, म्हणून पुढची कित्येक वर्षं विद्वानांनी तिकडं काणाडोळा केला. मी करणार नाही, असं मी बजावलं. आईनं मुकाट्यानं चिवडा बांधून घेतला.

नागपूरहून गोंदिया रेल्वेनं, पुढं गोरेगाव एसटीनं. बाजाराचा दिवस टाळा. आम्ही टाळला नाही, म्हणून आईच्या मांडीवर शेवटपर्यंत कुणाचा तरी कोंबडा होता. स्टँडवर समोसा गरम मिळतो, चटणी मात्र जपून घ्या.

मुलगा, राजरत्न, शाळेत गणित शिकवतो. पत्रिकेची भानगड आमच्यात नाहीच, त्यामुळे थेट पोहे आले आणि ते त्यानंच आणले. ट्रे ठेवून तो खाली मान घालून बसला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? स्वयंपाक येतो का, बदली होईल का, सगळं विचारून घेतलं. तो आवडला, हेही इथंच सांगून टाकते.

दुपारी त्यानं धानाच्या बांध्यांकडं, म्हणजे भातखाचरांकडं, सारस दाखवायला नेलं. आई त्याच्या बहिणीच्या स्कूटीवर मागून आली. सारस रस्त्यावरूनच पाहा, घरट्याकडं जाऊ नका. जोडी पंख पसरून उड्या मारत होती. यातला नर कोणता, असं त्यानं विचारलं आणि माझं लेक्चर सुरू झालं. लांडोर पिसाऱ्यात मोराची तब्येत पाहते की तिला तो नुसताच आवडतो, यावर आजही भांडणं आहेत. सारस मात्र दिसतात सारखे आणि नाचतातही दोघं, कारण इथं पारख दोन्हीकडून होत असावी.

त्यानं सारसांवरची नजर माझ्याकडं वळवली.

"मॅडम, सकाळपासून तुम्ही मले पाहून राहिल्या. माही पसंती काऊन कोणी नाही विचारली?"

मी पुन्हा सारसांकडं पाहू लागले. आई मात्र दिवसभरात पहिल्यांदा खुलून हसली.

घरी येऊन आठवडा होत आला. माझा होकार कळवलाय. त्याचा निरोप आलाय, की रविवारी तो मला पाहायला नागपूरला येतोय आणि प्रश्न काढून ठेवलेत. आई निवांत आहे. मी दोन ड्रेस इस्त्री करून ठेवलेत, आरशासमोर उत्तरं म्हणून पाहतेय, आणि त्यानं नाही म्हटलं तर काय, या विचारानं पुन्हा पहिल्या उत्तरापासून सुरुवात करतेय.