नावेतलं डोहाळजेवण

जर्मनीतल्या उन्हाळ्याबद्दल कोणी कौतुकाने बोलायला लागलं की मला आधी वास आठवतो. बदकांच्या विष्ठेचा, शेवाळ धरलेल्या पाण्याचा आणि आदल्या संध्याकाळी विझवलेल्या ग्रिलमधल्या ओल्या कोळशांचा. आमच्या वोल्फ्सबुर्गच्या बागेतल्या तळ्याकाठी शनिवार-रविवारी अख्खं गाव लोटतं. लोक उघडेवाघडे पडून ऊन खातात, सॉसेज भाजतात आणि उरलेले पाव पाण्यात भिरकावतात. सोमवारी ते पाव फुगून काठाला लागलेले असतात आणि हंस, बदकं, नीलगान्स नावाची ती भांडकुदळ पाणपाखरं अशी सगळी जमात त्यावर तुटून पडलेली असते. गवतात पाऊल ठेवावं तिथे हिरवट लेंड्या. इतकी वर्षं राहूनही मला याची सवय झालेली नाही आणि व्हावी अशी इच्छाही नाही.

तरी त्या वर्षी मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी तिथे जात होते, कारण सासरे आमच्याकडे आले होते. सासूबाई आदल्या हिवाळ्यात गेल्या. बाबा मिरजेला एकटेच राहात होते, म्हणून नवऱ्याने त्यांना उन्हाळ्यापुरतं इकडे बोलावून घेतलं. बोलावलं खरं, पण आम्ही दोघंही दिवसभर कामाला. बाबा फ्लॅटमध्ये बसून. दुपारी इमारतीत आवाज करायचा नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, तर हा माणूस दुपारी खुर्चीसुद्धा उचलून सरकवायचा. जेवलात का विचारलं की हो म्हणायचे आणि पातेलं जसंच्या तसं असायचं. एकदा मी संध्याकाळी घरी आले तर ते सकाळी बसले होते त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून बसलेले. मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मी माझा जुना कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला आणि त्यांना तळ्यावर घेऊन गेले.

तिथे कोपऱ्यातल्या बोरूच्या बेटात त्यांना ती दिसली. हाउबेनटाउखर, इथली एक पाणपक्षीण. डोक्यावर तुरा, गालांना तपकिरी झालर, लाल डोळे. बाबा म्हणाले, "ही तर आपली टिबुकलीच की! जरा नटूनथटून बसलीय, एवढंच." सडक्या पाणवनस्पतींचा एक तरंगता ढीग होता, कोणालाही कचराच वाटला असता, आणि त्यावर ती अंडी उबवत बसली होती. उठायची वेळ आली की चोचीने ओलं गवत ओढून अंडी नीट झाकायची आणि मगच पाण्यात उतरायची. मग नर यायचा, गवत बाजूला करायचा आणि बसायचा.

"अगं, पातेल्यावर झाकण ठेवावं तसं ठेवते बघ," बाबा मला म्हणाले. घरी आल्यावर मुलाला म्हणाले, "बायको उठली की तो मुकाट्याने बसतो तिथे. शिक काहीतरी." किती दिवसांनी ते कोणाची तरी चेष्टा करत होते.

त्यांचे फोटो अगदी सुमार यायचे. अर्ध्यात बोरूची पानं, अर्ध्यात त्यांचं बोट. पण रोज संध्याकाळी ते सांगलीच्या आत्याबाईंना, म्हणजे त्यांच्या बहिणीला, व्हिडिओ कॉल लावून ते दाखवायचे. आत्याबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "आली का पिल्लं?" या पक्ष्याची पिल्लं जन्मल्याबरोबर आईच्या पाठीवर चढतात, पिसांत बसून तळंभर फिरतात, हे मी बाबांना सांगितलं होतं आणि बाबांनी त्यांना. "पिल्लं पाठीवर बसलेली बघितल्याशिवाय मी काही येत नाही," बाबा म्हणाले. "वेळ पडली तर तिकीट पुढे ढकलायला लावतो." मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि मला रडू आलं. सासूबाई गेल्यापासून या माणसाने उद्याची म्हणून कशाचीच वाट पाहिली नव्हती.

आता माझ्या नवऱ्याबद्दल आणि त्याच्या ग्रुपबद्दल. मोटारींच्या या गावात आलेल्या आपल्या मराठी इंजिनिअरांना एक-दोन उन्हाळे गेले की लेन्सचं वेड लागतं. दंडाएवढ्या लेन्स घेऊन ते रविवारी बागेत उतरतात. पक्ष्याला पक्षी म्हणत नाहीत, सब्जेक्ट म्हणतात. खंड्या बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवत बसतात आणि तो बिचारा कोण घुसखोर आला म्हणून घाबराघुबरा होऊन फिरत राहतो. खारीने हवी तशी मान वळवावी म्हणून झाडाच्या सालीला पीनट बटर फासतात, मग त्याला मुंग्या आणि गांधीलमाश्या लागतात. मी ग्रुपवर एकदा लिहिलं की हे बरं नाही. त्यावर कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, "वहिनी, प्लीज, निगेटिव्हिटी नको."

त्यातल्याच एका जोडप्याकडे बाळ येणार होतं. डोहाळजेवण करायचं ठरलं. आपल्याकडे ते झोपाळ्यावरचं करतात, बागेतलं करतात, नावेतलं करतात. माझ्या लहानपणी नावेतलं म्हणजे चौरंगाला पुठ्ठ्याची नाव जोडायची आणि वर चांदीचा कागद लावायचा. इथे खरं तळं होतं आणि भाड्याने मिळणाऱ्या, पायाने हाकायच्या बोटी होत्या. सगळ्यांना ही कल्पना अतोनात आवडली. माझ्या नवऱ्याला तर त्याच्याही पुढचं सुचलं.

"पुढे बोटीत ही, हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून. आणि मागे घरट्यावर ती, अंडी उबवत. दोघी आया, एका फ्रेममध्ये. काय म्हणतेस?"

मी म्हणाले, "तिथे पाटी लावलीय. ब्रूटत्साइट. अंड्यांचा मोसम आहे, बोरूजवळ जायचं नाही. दोरी बांधलीय ती दिसत नाही का तुला?"

"अगं, पंधरा मिनिटांचं काम. हलकेच जाऊ. ती रोज बोटी बघते, तिला सवय आहे."

"बाबा काय म्हणतील?"

"बाबांना आवडेलच की! त्यांचा पक्षी फेमस होईल."

बाबांना विचारायला गेला नाही. मी विचारलं. ते म्हणाले, "लांबून काढणार असतील." प्रश्न होता की उत्तर, मला कळलं नाही.

त्या रविवारी आम्ही पोचलो तर बोरू बाजूला ओढून बांधलेला होता. सजावटीतून उरलेली हिरवी सॅटिनची रिबीन, तिने दोन्हीकडची पानं खिडकीच्या पडद्यासारखी आवळून बांधली होती. मध्ये ती टिबुकली उघड्यावर बसलेली, मान ताठ, हलत नव्हती. काठावर सतरंज्या पसरलेल्या, त्यावर डबे, ओटीचं तबक, ब्लूटूथवर डोहाळ्यांची गाणी. पाण्यात पाकळ्या टाकलेल्या, का तर फोटोत छान दिसतात. त्या पाकळ्या, फुगलेले पाव आणि बदकांची पिसं एकत्र होऊन काठाला साय धरली होती.

मी रिबीन सोडायला वाकले तर एकीने माझा हात धरला. "अहो, सकाळपासून खपून बांधलीय. एक फोटो होऊ दे."

बोट निघाली. पुढे ती गर्भारशी, बावरलेली, एका हाताने फुलांचा बाजूबंद सावरत. शेजारी तिचा नवरा पाय मारत. दुसऱ्या बोटीत माझा नवरा, लेन्स डोळ्याला लावून. "अजून जवळ. अजून. परफेक्ट. आता डावीकडे. गेनाऊ, अगदी अस्संच!" कुत्रा घेऊन फिरणारा एक म्हातारा काठावरून ओरडला की तिकडे जायला बंदी आहे, घरटं आहे. आमच्यातला एकजण मराठीत म्हणाला, "बघा, आपला सण दिसला की यांच्या पोटात दुखतं." बाकीचे हसले. त्या म्हाताऱ्यासमोर मला इतकी लाज वाटली की मी त्याच्याकडे बघूच शकले नाही.

बोटीचं नाक बोरूला लागलं आणि टिबुकली उठली. झाकायला वेळच मिळाला नाही तिला. चोचीत गवताची एक काडी धरली होती, तेवढी तशीच घेऊन ती पाण्यात गेली. घरट्यात अंडी लख्ख उघडी पडली, मातकट पांढरी.

कावळा लगेच आला. इथला कावळा अख्खा काळा, मानेला राखाडी रंगही नाही. अंड्याला चोच मारली, ते उचललं आणि गेला. लगोलग दुसरा आला. टिबुकली थोड्या अंतरावर वर आली, ओरडली, पुन्हा बुडाली, पुन्हा वर आली.

काठावरच्या बाकावरून बाबा उठले. त्यांना सर्वांत ज्येष्ठ म्हणून आशीर्वादाला बोलावलं होतं, स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते. ते "हाड! हाड!" करत, डोक्यावरची टोपी हातात घेऊन ती हलवत चिखलातून थेट पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत पाणी. मी त्यांच्यामागे धावले.

आणि बोटीतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "बाबा, फ्रेममधून बाजूला व्हा! बाबा, प्लीज!"

कॅमेऱ्याची कटकट चालूच होती. माझ्या लग्नाच्या नवऱ्याची मला त्या क्षणी किळस आली. दुसरा शब्द नाही.

बोट काठाला आली तेव्हा ती मुलगी पदराने पोट झाकून रडत होती. मग धावपळ झाली. कशाची, तर "तिने बघितलं का? तिने बघायला नको होतं. या दिवसांत असलं काही दिसू नये." डब्यांतून मीठ-मोहरी निघाली. कोणी आणली होती देव जाणे, पण बरोबर आणली होती. तिची दृष्ट काढली. तिला दुसरीकडे तोंड करून बसवलं, पाणी दिलं. पाण्यात ती दुसरी आई अजून हाका मारत होती, तिच्याकडे पाठ करून सगळ्यांनी जेवायला घेतलं. बासुंदी होती, पुऱ्या होत्या. एकाने उरलेला भात तळ्यात सोडला आणि वर म्हणाला की मुक्या जीवांना घातलं, पुण्य लागतं. मी त्याच्या तोंडावर "शी!" म्हणाले. त्याला वाटलं, मला भाताचा वास आला.

बाबांची पँट चिखलाने भरली होती. मी त्यांना गाडीत बसवून घरी आणलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "झाकायला वेळ दिला असता तर वाचली असती." त्यानंतर ते तळ्यावर आले नाहीत. कॅमेरा माझ्या टेबलावर आणून ठेवला. आत्याबाईंचा फोन आला की म्हणायचे, नेट नीट नाही, नंतर बोलू. तिकिटाची तारीख होती तीच ठेवली.

जायच्या आदल्या दिवशी नवरा लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी बसला. फोटो ग्रुपवर टाकला होता आणि कौतुकाचा पाऊस पडला होता. पुढे हिरव्या साडीतली ती, हसरी, हात पोटावर. मागे घरट्यावर टिबुकली, शांत बसलेली.

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "ही तर उठून गेली होती."

"आधीच्या एका दिवशीच्या फोटोतली घेतली, बाबा. तुमच्याच कार्डावर एक बरा होता."

"आणि कावळा?"

"काढून टाकला. आता ते मिनिटाचं काम आहे. तुमची टोपीही आली होती कोपऱ्यात, तीही काढली." तो खरंच खूश होता. बापाला खूश करावं असंही त्याच्या मनात होतं, हे मला दिसत होतं आणि त्यानेच मला जास्त शिसारी येत होती. "थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवतो." त्याने काहीतरी लिहिलं, बटण दाबलं, आणि टिबुकलीच्या पाठीवर दोन पिल्लं आली. पट्टेरी डोकी, गुलाबी चोची, पिसांतून बाहेर काढलेल्या माना. अगदी हुबेहूब.

"घ्या. बघितलीत की नाही पिल्लं? तुमच्या फोनवर पाठवतो, आत्याला दाखवा."

बाबांनी चष्मा काढून घडी घातली. "मला पाठवू नकोस," ते म्हणाले. "तिने विचारलं तर सांगेन, पिल्लं झाली नाहीत. माझ्या मुलाने होऊ दिली नाहीत."

नवरा हसायला लागला होता, तो मध्येच थांबला. बाबा उठले आणि बॅग भरायला आत गेले.