नखाएवढी पांढरी अळंबी

गावात तिला सगळे छत्रीमावशी म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं तिने काचपट्ट्या धुतल्या, आणि ते करता करता अळंब्या ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही. जंगलातून आणलेली टोपली लोक आधी तिच्या ओट्यावर ठेवत, मग चुलीवर.

एका दुपारी तिचा धाकटा दीर आला. तो वनरक्षक. त्याने काडेपेटी उघडली. आत नखाएवढी पांढरी अळंबी होती.

"वहिनी, ही खाता येते का?"

"आधी तुमच्या साहेबांना खाऊ घाला, मग उद्या सांगते."

भिंगाखाली धरल्यावर मात्र तिचं हसू विरलं. गोल टोपी, खाली पापुद्रे नाहीत, टोचलं की पिठासारखी भुकटी. ही जात तिने एकदाच पाहिली होती, मेलेल्या बैलाच्या शिंगावर. ती लाकडावर येत नाही, पानावर येत नाही. शिंग, खूर, पीस, नाहीतर केस. देठाच्या बुडाशी चिकटलेला काळा धागा तिने सुईने सोडवला.

"भाऊजी, कुठे मिळाली?"

"ओढ्यापलीकडे, पोकळ झाडापाशी. रांगच आहे तिथे."

दोघं तसेच निघाले. ओढा ओलांडला आणि पाखरांचा आवाज थांबला, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. पांढरी रांग सरळ ढोलीत शिरली होती. दिराने पाला सारला. खाली वेणी होती, तीन पेडांची, टोकाला सुतळी. ढोलीत आणखी निघाल्या. काळ्या, पिंगट, एक पांढरीफटक. अकरा. सगळ्या कात्रीने सरळ कापलेल्या.

पोलिसांनी दोन दिवस खणलं. हाड सापडलं नाही, कुणी बेपत्ता नव्हतं.

"केस कापले म्हणून कोण तक्रार करतं, मावशी?" म्हणत फौजदार निघून गेले.

पण मावशीने नीट पाहिलं होतं. अकराव्या वेणीवर अळंबी नव्हती, तेलाचा वास ताजा होता.

आठवड्याने नळावर शेजारीण दिसली. भर उकाड्यात डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. मावशीने तिला बाजूला घेतलं.

"कुणी कापली गं?"

"मीच."

"का?"

"मागितली म्हणून."

"कुणी?"

शेजारणीने ओढ्याकडे एकदा पाहिलं, भरलेली कळशी तिथेच टाकली आणि झपाझप घरात जाऊन कडी लावली.