सूर्याजवळ गेलेला थोरला

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कारखान्याच्या युनियनमध्ये होते. मोर्चानंतर उरलेले गठ्ठे घरी यायचे आणि त्यांवरच मी अक्षरं गिरवली. पत्रकात कुणाचं दुःख वाया जात नाही. वर कितीही रक्त सांडलं तरी शेवटच्या ओळीत पहाट होतेच. रियाधला, अल सुलैच्या गोदामांमागच्या कॅम्पात कादंबरी लिहायला बसलो, तेव्हाही हाताला तेच वळण होतं.

माझा नायक वेल्डर होता. कारखान्याच्या सगळ्यात उंच चिमणीवर त्याला जोड मारायचा होता, जिथे त्याच्या वस्तीतलं कुणीच पोचलं नव्हतं. मी त्याला मनात संपाती म्हणायचो. रामायणातलं ते थोरलं गिधाड, धाकट्या जटायूबरोबर चढाओढीने सूर्याकडे झेपावलेलं. जटायू होरपळायला लागला तेव्हा संपातीने आपले पंख त्याच्यावर पसरले. पंख जळाले, तो समुद्रकाठी कोसळला आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिला. माझ्या नायकाची ईर्षा तीच, भोगही तोच. फरक एवढाच की माझा नायक चिमणीवर मरतो आणि खाली हजारो मुठी उगारल्या जातात. हा शेवट मला फार आवडायचा.

मग दादाचे डोळे बिघडले.

दादा माझ्या आधीपासून इथल्या यार्डात वेल्डर. मी आलो तो त्याचाच हेल्पर म्हणून. मी पाइप धरायचा, त्याने तो जागेवर धरून ठेवण्यापुरता वेल्डिंगचा टाका मारायचा. एवढ्याशा टाक्यासाठी इथे कुणी मास्क खाली घेत नाही; डोळे मिटायचे की झालं. पण पाइप हलला तर माझा हात भाजेल म्हणून दादा डोळे उघडे ठेवायचा. दोघांत धड मास्क एकच होता आणि तो माझ्या तोंडावर असायचा. भिंतीवर सुरक्षेच्या सूचना तीन भाषांत रंगवल्या होत्या. दुसरा मास्क मागितला की सुपरवायझर म्हणायचा, "बुकरा." म्हणजे उद्या. तो उद्या कधी उजाडलाच नाही. खोलीवर आल्यावर दादा डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचा. सगळेच ठेवायचे. सकाळी आग उतरलेली असायची.

एकदा ती उतरलीच नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मधोमध डाग पडलेत, भरून येणार नाहीत. कडेचं दिसतं, मधलं नाही. दादा बोलताना माझ्या कानाकडे बघायला लागला, कारण तसं बघितलं की माझा चेहरा त्याला थोडा तरी सापडायचा.

त्याच महिन्यात त्याची पाइप वेल्डिंगची टेस्ट होती. पास झाला तर अल खफजीला, समुद्रातल्या तेलाच्या कामावर. आला तेव्हापासून त्याला तेवढंच हवं होतं. डॉक्टरचं बोलणं त्याने यार्डात कुणालाही कळू दिलं नाही.

टेस्टच्या आधीच्या शुक्रवारी आमच्या खोलीतले चाचा मटण शिजवत होते. ते रत्नागिरीकडचे सुतार. दादा म्हणाला, "वाच रे तुझं."

मी शेवटचं प्रकरण वाचलं, मग संपातीचंही सांगितलं.

"तुझा हिरो चिमणीवर चढून एवढं मोठं भाषण करतो," चाचा म्हणाले, "खाली फोरमन काय झोपलाय? आमचा तर दोन मिनिटं मुतायला गेलं तरी हाका मारतो."

दादा हसला नाही. "तुझा हिरो मेला, म्हणजे सुटला. ते गिधाड कुठे सुटलं? जटायू लढून मेला, त्याचं नाव झालं. थोरल्याचं नाव कोण घेतं?" मग त्याने विचारलं, "पुढे काय होतं त्याचं?"

"पोथीत पंख परत फुटतात. वानरांना सीतेचा ठावठिकाणा सांगितल्यावर."

"मग तू का नाही लिहिलंस तसं?"

"कारण ते खोटं आहे, दादा! माणसाला चमत्काराची वाट बघत बसवणारं." माझा आवाज चढला होता. चाचांनी गॅस बारीक केला.

"बघू दे की वाट," दादा म्हणाला. "दुसरं काय बघणार आहे तो?"

टेस्टला मी हेल्पर म्हणून गेलो. पाइप तिरका बांधलेला. दादाने पहिला थर सवयीने, आवाजाच्या अंदाजाने ओढला. मग हलकेच म्हणाला, "इन्स्पेक्टर यायच्या आत आतून बघ. सांधा धरलाय?"

मी टॉर्च मारला. खालच्या अंगाला काळी फट होती.

"नाही धरला."

"कुठे?"

मी त्याचा हातमोज्यातला हात धरून बाहेरून ती जागा दाखवली. त्याने मान इकडून तिकडे वळवून पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिला.

"दिसत नाही रे," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "खलास."

मी पेटलो. तक्रार करू, लेबर ऑफिसला जाऊ, यांना सोडायचं नाही, असं काहीबाही भराभर बोलत सुटलो.

"ते करू," दादा म्हणाला. "आधी आईला काय सांगायचं ते सांग. तू लिहितोस ना?"

शेजारी पुढच्या माणसाचा पाइप बांधायला घेतला होता. दादा माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता, आणि मला एक वाक्य जुळवता येत नव्हतं.