ताईंनी पेटवलेल्या सिगारेटी

ताईंनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती, पण त्या सिनेमाच्या दिवसांत त्यांच्या केसांनासुद्धा धुराचा वास यायचा. सिनेमा विनोदी होता, सिगारेट सोडायला निघालेल्या एका माणसाच्या फजितीचा. पडद्यावर दिसणाऱ्या वस्तू सांभाळायचं काम ताईंकडे. प्रत्येक टेकला सिगारेट आधीइतकीच जळलेली दिसायला हवी, म्हणून त्या कोपऱ्यात बसून कात्रीने सिगारेटी कापायच्या आणि मेणबत्तीवर त्यांची टोकं जाळायच्या.

"ताई, जास्त जळलीये!" दिग्दर्शक ओरडायचा, आणि ती सिगारेट स्वतःच ओढून संपवायचा.

घरी वेगळीच तऱ्हा. नवऱ्याने नुकतीच सिगारेट सोडली होती आणि तेव्हापासून त्याला उपदेशाचं वेड लागलं होतं. त्याचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काच धरून तो फुप्फुसांबद्दल बोलायचा. ताई दारात आल्या की नाक पुढे करून विचारायचा, "आजही?"

"अहो, मी ओढत नाही. जाळते."

"सगळे असंच म्हणतात."

ताई चपला जरा जोरातच काढायच्या.

एके दिवशी तो सेटवरच येऊन धडकला, बायकोला बिघडवल्याबद्दल दिग्दर्शकाला खडसावायला. बोट नाचवत तो असा काही तापला की लाइटवाले हसून हसून आडवे झाले. दिग्दर्शक उडालाच. "हाच! बसस्टॉपवर हिरोला झापणारा माणूस मला अगदी असाच हवा होता!"

नवऱ्याने केस सारखे केले. "डायलॉग किती आहेत?"

डायलॉग दोनच होते. ते झाले की हिरोच्या हातातली सिगारेट हिसकावायची आणि भान विसरून एक झुरका मारायचा.

"अहो, नको," ताई म्हणाल्या.

"कलेसाठी गं. एकच तर झुरका."

टेकवर टेक झाले. कधी तो डायलॉग विसरला, कधी त्याने थेट कॅमेऱ्यात बघितलं. झुरका मात्र एकदाही चुकला नाही. आणि त्या सगळ्या सिगारेटी ताईंनाच पेटवून द्याव्या लागल्या. करता काय, कामच ते!

संध्याकाळी नवरा घरी आला तो सिगारेटचं पाकीट घेऊनच. ताईंच्या अंगात रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

सिनेमा लागला तेव्हा दोघं पहिल्याच खेळाला गेले. बसस्टॉपचा प्रसंग कापून एवढासा केला होता. नवऱ्याची नुसती पाठ दिसली.

"भिकार सिनेमा!" बाहेर येऊन तो खिसे चाचपू लागला. "यांच्यापायी माझी सुटलेली सिगारेट परत लागली. काडेपेटी आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी पर्सची चेन लावली, ती काखेत घट्ट धरली आणि रस्ता ओलांडून एकट्याच घराकडे चालू लागल्या.