शुक्रवारची उपाशी पोरं

कुवेतमध्ये खिडक्या कितीही घट्ट लावा, आठवड्याने कपाटावर बोट फिरवलं की धूळ निघतेच. ती कधी आली ते कुणी पाहिलेलं नसतं. आमच्या शुक्रवारच्या वाचनाचे किस्से असेच साठले. सांगायला बसले की लोक हसतात, मीही हसते, आणि घरी आल्यावर मला जेवण जात नाही. तरीही सांगते.

मी इथल्या एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवते. नववीला प्रोजेक्ट होतं: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्यांमधलं गरीब मुलांचं बालपण. विषय मीच दिला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? मुलांना ती अर्ध्या पानाची वाक्यं झेपेनात, आईबापांना तर त्याहूनही नाही. शेवटी दर शुक्रवारी दुपारी चारला माझ्या घरी बसायचं ठरलं. एकाने पान इंग्रजीत वाचायचं, दुसऱ्याने ते मराठीत सांगायचं.

टिकलो आम्ही पाच जण. मी, मीना अल-अहमदी बंदरावरच्या रिफायनरीतले इंजिनियर शिंदे, त्यांची बायको वर्षा, मुलगी रेवा, आणि जहरा गावात किराणा दुकान चालवणारे रत्नागिरीचे मुकादमचाचा. चाचांचं कुणीही नववीत नव्हतं. ते एकदा माझ्याकडे तांदूळ पोचवायला आले आणि बसले ते बसलेच.

*

पहिल्याच शुक्रवारी अनाथाश्रमाचं प्रकरण निघालं. पोरांना दिवसातून दोनदा पातळ पेज, भांडं चाटून झालं की जेवण संपलं. मी वाचत होते आणि वर्षा गरम बटाटेवडे वाढत होती. पुण्याची असूनही तिचा हात सढळ!

कुणाचाही हात बशीकडे जाईना. चाचांनी वडा उचलला आणि परत ठेवला. "बाय, ता पोर उपाशी आनि आपन वडे खातांव. बरा नाय दिसत. आधी त्याला जेवू दे."

सगळ्यांना पटलं. नियम झाला: पुस्तकातलं पोर जेवल्याशिवाय आपण खायचं नाही.

पाच शुक्रवार ते पोर जेवलं नाही! लेखकाने त्याला मारलं, कोंडलं, पावसातून मैलोन् मैल चालवलं, पण खायला काही दिलं नाही. वर्षा दर वेळी करून आणायची आणि झाकून परत न्यायची. सहाव्या शुक्रवारी एका म्हातारीने त्याला पावाचा तुकडा दिला, तेव्हा चाचा म्हणाले, "अल्लाचा शुकर. वाढ गो आता."

*

रेवा चौदा वर्षांची. जन्म इथलाच. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. एकदा तिने पुस्तक मिटून विचारलं, "व्हाय आर द पुअर किड्स सो पोलाइट? उपाशी असूनपण थँक यू म्हणतात."

मी शिक्षिकेसारखं उत्तर दिलं. वाचणारे लोक खाऊनपिऊन सुखी होते. त्यांना स्वच्छ बोलणाऱ्या, कुणाला शिवी न देणाऱ्या पोराचीच दया यायची. म्हणून लेखक पोराच्या अंगावर चिंध्या घालायचे आणि तोंडी सभ्य घरची भाषा. शेवटी कुणीतरी श्रीमंत काका निघायचा आणि तो सगळं निस्तरायचा.

"मीपन बघली वाट," चाचा म्हणाले. "सात भावंडं आमी. काका कोन निघाला नाय. निघाला तो कफील."

कफील म्हणजे इथे ज्याच्या नावावर आपला राहण्याचा परवाना असतो तो मालक. रेवा हसली. चाचा हसले नाहीत.

*

शिंदे मराठवाड्याचे, परभणीकडचे. दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. पण मराठीत सांगायची पाळी आली की पानावर बोट ठेवून असे सुटायचे की थांबवावं लागे.

"रातच्याला पोरगं अर्धी भाकर उशाला ठेवतंय, तर तिला मुंग्या लागायल्यात. मग ते शर्टाच्या आत, पोटाशी धरून झोपतंय. पाहुणे येणार असले की सगळ्यांना धुतलेले शर्ट मिळायचे. पाहुणे गेले की काढून घ्यायचे. आणि जेवताना घाई करायची नाही. ज्याचं सगळ्यात शेवटी संपतं, त्याला वाटतं आपल्याला जास्ती मिळालं."

मी पानावर शोधत होते. मुंग्या नव्हत्या. शर्ट नव्हते. विलायतेत भाकर तरी कुठून येणार?

"शिंदे, हे यात नाहीये," मी म्हणाले. माझा स्वभावच तसा, चूक दिसली की जीभ थांबत नाही.

"नाही का? चुकलं बाई." ते दोन वाक्यं पुस्तकाप्रमाणे बोलले. तिसऱ्या वाक्यात पुन्हा शर्ट आले.

रेवाला जुनं इंग्रजी जड जायचं. त्यामुळे ती पुस्तक बाजूला ठेवून बाबांचं मराठी ऐकायची आणि तेच इंग्रजीत वहीत उतरवून घ्यायची.

*

त्याच दिवशी चहा करताना वर्षाने मला ओट्याशी सांगितलं. शिंदे सहा वर्षांचे असताना त्यांचे आईवडील गेले. पुढची दहा वर्षं ते बालगृहात वाढले. रेवाला एवढंच माहीत आहे की आजीआजोबा नाहीत आणि बाबांना त्यांच्या काकांनी सांभाळलं. असे कुणी काका नाहीतच.

"सांगत का नाहीत तिला?" मी विचारलं.

"ती कीव करेल म्हणतात. लहानपणी तिथे येणारा प्रत्येक पाहुणा तशा नजरेने बघायचा म्हणे. पोरीने एकदा जरी तसं बघितलं तरी सहन व्हायचं नाही, असं म्हणतात." वर्षाने गॅस बंद केला. "तुम्ही कुठे बोलू नका हं."

मी बोलणार नव्हतेच. पण चहा घेऊन बाहेर गेले आणि शिंद्यांसमोर कप ठेवताना त्यांच्याकडे कसं बघावं ते मलाच कळेना. मला फार वाईट वाटलं होतं, आणि नेमकं तेच त्यांना दिसता कामा नये होतं.

*

आता माझी करामत ऐका. प्रोजेक्टच्या छत्तीस फायली आल्या आणि तपासायला मिळाले दोन दिवस. त्या कादंबऱ्या मला तोंडपाठ, त्यामुळे लाल पेन आपोआप चालतं. एका फाइलमध्ये मुंग्या आल्या, शर्ट आले, शेवटपर्यंत पुरवून खाल्लेलं जेवण आलं. मी सगळ्याभोवती गोल काढले आणि बाजूला लिहिलं, 'हे पुस्तकात कुठे आहे? पान नंबर द्या, नाहीतर गुण नाहीत.' फाइल मिटून गठ्ठ्यावर टाकली. नाव बघितलंच नाही.

गुरुवारी वर्गात फायली वाटल्या. रेवाचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं काय करून ठेवलंय ते. इतकी वर्षं शिकवतेय, पण स्वतःच्या हाताची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तिला बाजूला घेऊन सांगावं तर काय सांगायचं? खरं सांगायचा हक्क माझा नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. रेवा फाइल घेऊनच आली. सगळे बसल्यावर तिने ती बाबांसमोर उघडली.

"बाबा, मॅम म्हणतात हे बुकमध्ये नाहीये. आय डिडन्ट मेक इट अप. तुम्हीच सांगितलं होतं. विच पेज?"

शिंद्यांनी पुस्तक घेतलं. मधून उघडलं, मागून उघडलं. पानं उलटत राहिले. वर्षा माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे.

"रेवा, राहू दे," मी म्हणाले. "चूक माझी आहे. मी ते लाल खोडते आणि गुण देते."

"नका खोडू बाई." शिंद्यांनी पुस्तक मिटून टीपॉयवर ठेवलं. "उगीच खोडून गुण दिले तर पोरीनं खोटं लिहिलं अन् तुम्ही सोडून दिलं, असं होतंय."

मग ते तिच्याकडे वळले. "पान नाही, बाळा. लिही. परभणीजवळचं बालगृह. दुसरी खोली, खिडकीकडून तिसरी गादी. मी सहाचा होतो, तवापासून सोळाचा होईपर्यंत. काका वगैरे कुणी नव्हतं."

चाचांनी मान खाली घातली. शिंदे मात्र सरळ मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

रेवाने सगळं लिहून घेतलं. दुसरी खोली, तिसरी गादी. ती रडली नाही, त्यांच्याजवळही गेली नाही. पेन कागदावर तसंच धरून तिने मराठीत विचारलं,

"बाबा, तिथे आता कोण झोपतं?"