नळ जाळणारा माणूस

नळाला आग लावायचा पगार घेणारा माणूस साऱ्या छत्तीसगढात एकच असेल, आणि तो दर महिन्याला माझ्याच दारात येत असे. पाणी खात्यातला हा नमुने घेणारा. घराणं आमच्याच भंडाऱ्याकडचं, पण जन्म भिलाईतला, त्यामुळे वाक्य मराठीत चढवून हिंदीत उतरवायचा. वय पन्नाशीचं, स्कूटरला मागे बर्फाचा डबा बांधलेला, आणि चेहरा असा गंभीर की डब्यात पाण्याच्या बाटल्या नसून कोणाचं तरी काळीज ऑपरेशनला चाललं आहे. आल्याबरोबर कोपरापर्यंत हात धुवायचा, तेही ज्या पाण्यावर सरकारचा संशय, त्याच पाण्यानं. मग चिमट्यात स्पिरिटचा बोळा धरून पेटवायचा आणि माझ्या नळाची तोटी वांग्यासारखी भाजून काढायचा. का, तर तोटीवरचे किडे मेले पाहिजेत आणि पाण्यातले तेवढे बाटलीत गेले पाहिजेत. बाटलीचं बूच उघडलं की अंगणात कोणी बोलायचं नाही. एकदा माझी बायको शिंकली. त्यानं भरलेली बाटली ओतून दिली, दुसरी काढली आणि म्हणाला, "काकूजी, तुमच्या एका शिंकेत पूरा वॉर्ड फेल झाला असता."

माझ्याच दारात का, तर माझी तोटी पितळेची. घर बांधलं तेव्हा मी ती गोंदियाहून आणली होती. पोरगा किती वेळा म्हणाला, बाबा, बदला. मी बदलली नाही. बाकी साऱ्या वॉर्डानं प्लास्टिकच्या तोट्या लावल्या. नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासात यानं बोळा लावला, तर तोटी मेणबत्तीसारखी लोंबली आणि उद्याचे इंजिनियर वह्यांसकट भिजले. तक्रार झाली. साहेबांचा हुकूम निघाला की जनतेचे नळ वितळवू नका. खात्याच्या पुस्तकाचा हुकूम होता की जाळल्याशिवाय नमुना घेऊ नका. दोन्ही हुकूम पाळणारा सरकारी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, यानं पाळले. घरोघर हिंडून त्यानं धातूची तोटी शोधली, ती एकच निघाली. माझं घर टाकीच्या पायथ्याशी, टाकीतून निघालेलं पाणी आधी माझ्याकडे येणार. म्हणून दर महिन्याला नमुना पास. मी चौथीत दोनदा नापास झालेला माणूस. म्हातारपणी महिन्याच्या महिन्याला पास होऊ लागलो, तर ते सुपेल्याच्या चहाच्या टपरीवर चार लोकांना सांगणार नाही का? सारा वॉर्ड माझ्या तोटीवर उभा आहे, असं मी सांगत असे.

मागच्या गल्लीत एक भाजीवाली राहते. तिची सून सातव्या महिन्यात काविळीनं पडली. त्या गल्लीचा पाइप नालीतून जातो, पाण्याला वास येतो, हे भाजीवाली खात्यात सांगून आली. तिथं तिला कागद दाखवला की वॉर्डाचं पाणी पिण्यालायक आहे. कागदापुढे नाकाचं काय चालतं! ती तशीच माझ्या अंगणात आली आणि म्हणाली, "बबा, पास तोर नल होथे, बीमार हमन परथन." पास तुझा नळ होतो, आजारी आम्ही पडतो, म्हणे! मी तिच्यावर खूप ओरडलो. माझ्या नळात खोट काढते म्हणजे काय! ती ऐकून निघून गेली. जेवायला बसलो, तर तांब्यातलं पाणी आधी हुंगून पाहिलं.

पुढच्या मंगळवारी, नमुन्याच्या दिवशी, हा आला, हात धुतले, बोळा पेटवला.

"भाऊ, मागच्या गल्लीतलं पाणी तू कावून नाही घेत?"

"तिथं साऱ्या तोट्या प्लास्टिकच्या, काकाजी. न जाळता घेतलं तर लॅबवाले म्हणतेत, किडे तोटीचे आहेत, पानी तो साफ है."

"मंग माही तोटी तिकडे लावली तर?"

बोळा त्याच्या चिमट्यातच विझला. "फेल होईन, काकाजी. मंग मले इचारतीन, इतके साल कुठचं पानी आणून राहिला होता?"

"नोकरी जाईन का?"

"नोकरी कोणाची जाते? इज्जत जाते."

 मग त्यानं डिक्कीतून पाना काढला आणि माझ्या हातात दिला. "तोटी तुमची आहे. तुम्हीच काढा."

पाणी चालूच होतं. आम्ही दोघं या वयात धुळवड खेळल्यासारखे भिजलो. माझ्या नळात लाकडाची गुल्ली ठोकली आणि तोटी भाजीवालीच्या नळाला आटे देऊन बसवली. सून दारात बसली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. यानं कोपरापर्यंत हात धुतले, तोटी भाजली, आणि साऱ्या गल्लीनं श्वास धरला.

नमुना फेल झाला. टँकर आला, खोदकाम झालं, नालीतल्या पाइपाला अंगठा जाईल एवढं भोक निघालं. पाइप नवा पडला. सून बरी झाली, मुलगी झाली, दोघी धडधाकट आहेत.

खात्यानं भोकाला नोटीस दिली नाही, याला दिली. नमुन्याची जागा कोणी बदलली, याचं उत्तर मागितलं. तो उत्तर लिहून मला दाखवायला आला. हिंदीत एकच ओळ होती, की आजवर जागा मीच निवडली, चूक माझी.

मी म्हटलं, "माहं नाव कावून नाही लिहिलं? तोटी माही होती."

"तोटी तुमची होती, काकाजी. बाटली माही होती."

पोलादाच्या प्लँटमध्ये नोकरीला होतो, तिथं दुसऱ्याच्या कामावर सही ठोकणारे मी पुष्कळ पाहिले. स्वतःच्या चुकीवर सही करणारा हा पहिलाच, आणि मी त्याला त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही. त्याची बदली गावाबाहेर, अहिवाऱ्याकडे झाली. त्याच्या जागी अजून माणूस दिलेला नाही.

माझ्या नळाला पोरानं प्लास्टिकची तोटी लावली, तो खुश आहे. भाजीवाली दर आठवड्याला म्हणते, बबा, तुझी तोटी घेऊन जा. मी म्हणतो, राहू दे, तपासायला कोणी आला तर त्याला जाळायला काही तरी पाहिजे. दर महिन्याला नमुन्याच्या मंगळवारी मी सकाळीच तिच्या ओट्यावर जाऊन बसतो. अजून तरी कोणी आलेलं नाही.