कुबडीची जागा

आमचं ऑफिस मोजणीचं. कोणाच्या शेताची हद्द कुठून कुठवर, हे मशीन लावून सांगणारं. बुलडाणा जिल्ह्यातलं आहे, तालुका मात्र विचारू नका; उद्या लोक खात्री करायला यायचे! रेकॉर्ड रूममध्ये जुन्या नकाशांचे बस्ते छताला टेकलेत आणि चहाच्या टेबलावर तितकेच किस्से साचलेत. फरक एवढाच, की नकाशांना वाळवी लागते, किश्शांना लागत नाही. ते उलट दरवर्षी थोडे थोडे वाढतात, शेजाऱ्याच्या बांधासारखे!

सध्या टेबलावर एकच विषय आहे, इंगळे मॅडमची गाडी. ऐका.

०००

इंगळे मॅडम आमच्या भूकरमापक. रीतसर परीक्षा पास होऊन आलेल्या. लहानपणीच्या पोलिओनं उजवा पाय गेलेला, त्याला कॅलिपर, हातात एक कुबडी. डावा पाय ठणठणीत, आणि जीभ त्याहून ठणठणीत! पण नऊ वर्षं टेबलावरच. इतरांनी करून आणलेली मोजणी तपासायची, चूक दिसली की लाल पेनानं गोल करायचा. शेतात म्हणून जाणं नाही.

त्याला कारण जीप. आमच्याकडे रिवाज असा, की मोजणीचा अर्ज ज्यानं केला त्यानं जीप पाठवायची. मशीन, तिवई, माणसं, सगळं तिच्यात. मोजणी अंगावर आली की समोरच्या पार्टीनं "त्याच्या जीपमंदी बसून आले" म्हणत सही नाकारायची, हाही रिवाजच! तर नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मॅडम अशा जीपनं निघाल्या. पायरी उंच. दोन हौशी गड्यांनी "ताई, घाबरू नका" म्हणत त्यांना न विचारता उचललं आणि आत ठेवलं. मॅडम तशाच सरकत सरकत दुसऱ्या बाजूनं खाली उतरल्या.

"उचलून ठेवतात ते पोतं," त्या म्हणाल्या. "मी पोतं नाही." आणि टेबलावर येऊन बसल्या त्या नऊ वर्षं.

यंदा नवे साहेब आले. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात फील्ड मागितलं. साहेब म्हणाले, "माझी काही हरकत नाही. पण तुम्हाला रोज नेणार-आणणार कोण? स्वतःच्या गाडीनं, स्वतः, शेतापर्यंत पोचून दाखवा. दिवाळीनंतरच्या फील्डच्या यादीत तुमचं नाव घालतो. नाहीतर टेबल आहेच, कायमचं."

साहेब केबिनमध्ये गेले. मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं.

"राजूभाऊ, गाडी पाह्यची."

राजूभाऊ म्हणजे मी. नकला देणारा क्लार्क.

०००

गाडीचा विषय निघाला की प्रत्येकाला ज्ञान सुटतं! ज्याच्या दारात जी उभी, तीच मॅडमसाठी एक नंबर. आमचे सगळ्यात जुने भूकरमापक सलीमभाई म्हणाले, "मॅडम, स्कूटरले बाजूनं दोन चाकं लावून घ्या. माझा भाचा तेच चालवते. अख्खी चिखली फिरते!" आणि दुसऱ्या दिवशी भाच्याची स्कूटर घेऊन हजर.

डांबरावर मॅडम भुर्रकन गेल्या. आम्ही टाळ्या पिटल्या. मॅडम वळून आल्या आणि म्हणाल्या, "शेतं काय डांबरावर राह्यतात काय?" त्यांनी स्कूटर घातली ती थेट पांदणीत.

पांदण म्हणजे काळ्या मातीतला शेताचा रस्ता. बैलगाड्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या. स्कूटरचं मधलं चाक गेलं चाकोरीत आणि बाजूची दोन्ही बसली काठांवर. झालं! मधलं चाक अधांतरी. मूठ पिळली की चाक गरगर, धूळ मणभर, गाडी जागच्या जागी.

आम्ही धावत गेलो, तर मॅडम आरामात बसलेल्या.

"सलीमभाई, चाकाची हवा लय चांगली येऊन राह्यली. घरचे गहू आणा, उफणून देते!"

०००

मग चारचाकी ठरली. तीही गिअर आपोआप पडणारी. एका डाव्या पायानं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर भागवता येतात, क्लचला पाय कोणाचा उसना आणायचा?

आता आम्ही पडलो मोजणीवाले. सीटची उंची मोजल्याशिवाय आम्हाला गाडी कशी पसंत पडणार? पण सीट मोजायची तर मॅडमचा पायही मोजायला हवा, आणि ते बोलायची कोणाची छाती होईना. शेवटी सलीमभाईंनी तोड काढली. उंचीनं ते मॅडमएवढेच. चिखलीच्या शोरूममध्ये पोचल्यावर त्यांनी मॅडमचीच कुबडी मागून घेतली, उजवा पाय ताठ केला आणि टेप काखेत मारून निघाले लंगडत. मॅडम खुर्चीत बसून मजा बघायला लागल्या.

सेल्समन पोरगं धावतच आलं. "चाचा, सावकाश! चाचा, पाणी घ्या! चाचा, आपल्याकडे तुमच्यासाठी खास ऑफर आहे!" सलीमभाई गाडीत बसतायत, उतरतायत, विव्हळतायत, मी आकडे लिहून घेतोय. पोराला इतकी दया आली, की हळूच मॅडमजवळ येऊन विचारलं, "मॅडम, चाचांचा पाय कधीपासून असा आहे?"

"आज सकाळपासून," मॅडम म्हणाल्या.

मग उठल्या, माझ्या खांद्याचा आधार घेत गाडीपाशी आल्या आणि कुबडी काढून घेतली. "आणा इकडं. मोजायचं असन तर माझा पाय मोजा. नऊ वर्षं तुमच्या चुका मोजल्या, मी लाजली काय?"

सलीमभाईंनी मान खाली घालून टेप उघडली. पोरगं अजून त्यांच्या पायाकडेच बघत होतं.

०००

तीन गाड्यांची मापं घेऊन आलो आणि मी रात्रभर खपून, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुबक नकाशा काढला. स्केल, उत्तर दिशेचा बाण, सगळं! ड्रायव्हर सीटची चतुःसीमासुद्धा लिहिली: पूर्वेस स्टिअरिंग, पश्चिमेस मागील सीट, उत्तरेस हँडब्रेक, दक्षिणेस दरवाजा. खाली पंच म्हणून सलीमभाईंची सही. साहेबांनीसुद्धा "वा!" म्हटलं.

मॅडमनी नकाशा घेतला. लाल पेनाचं टोपण निघालं.

त्यांनी कोऱ्या जागेत एक गोल काढला आणि आत लिहिलं, "कुबडी कुठे?"

सीट मोजली, दार मोजलं, पाय मोजला. कुबडी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती! मॅडम गाडीत बसणार, पण शेतात उतरणार कशाच्या जोरावर? नकाशा नामंजूर.

०००

मग मॅडमनी स्वतःची परीक्षा काढली. साधी. शोरूमवाल्यासकट सगळ्यांनी पन्नास पावलं मागं व्हायचं, आणि कोणी तोंडातून "सांभाळून" काढायचं नाही.

पहिली गाडी बसकी. "हे तर विहिरीत उतरणं झालं." दुसरी उंच. "आली परत जीप." तिसऱ्या गाडीचं दार चांगलं फाकलं. सीट बरोबर कमरेला आली. मॅडम आधी टेकल्या, मग दोन्ही हातांनी उजवा पाय आत घेतला, मग कुबडी. कुबडी शेजारच्या सीटच्या कडेनं तिरकी आत गेली आणि मूठ बरोबर डाव्या हाताशी राहिली.

दार लागलं. त्यांनीच लावलं.

आम्ही पन्नास पावलांवर उभे. आतून काही आवाज येईना. रडतायत की काय? आणि एकदम हॉर्न! एक नाही, दोन नाही, मिनिटभर नुसता हॉर्न! सलीमभाई रस्त्यात नाचायचे बाकी होते. मी तर नाचलोच, खोटं कशाला बोलू!

०००

तीच गाडी घेतली, ॲक्सिलरेटर डाव्या पायाला बसवून घेतला, आरटीओच्या कागदावर तशी नोंद झाली, शिकाऊ लायसन आलं. प्रॅक्टिसला आम्ही हिवरा आश्रमाकडच्या एका मोकळ्या मैदानात जायचो. शेजारी सलीमभाई, त्यांना गाडी येते म्हणून. मागं मी, मला येत नाही म्हणून.

पहिल्या दिवशी सलीमभाई अल्लाचं नाव घेत होते, मी रामाचं, आणि मॅडम गुणगुणत होत्या. वळण आलं की सलीमभाईंचा पाय खालच्या पत्र्यावर दणकन आदळायचा.

"सलीमभाई, तिकडं ब्रेक नाही."

"मले मालूम आहे मॅडम! पण पायाले कोण सांगे?"

मॅडम हसत म्हणाल्या, "पाय ऐकत नाही म्हणता? मग बसा माझ्या बाजूले. मले सवय आहे!"

०००

पक्कं लायसन झालं आणि गाडी ऑफिसात आली, त्या दिवशी शिपाई नारळ आणि चार लिंबं घेऊन उभाच. लिंबं चाकाखाली ठेवायला वाकला, तशी मॅडमनी काच खाली केली. त्यांच्या घरी बुद्धवंदना, लिंबा-नारळाचं कधीच केलेलं नाही.

"भाऊ, लिंबं चाकाखाली नको घालू. साखर आण, सरबत कर. एवढ्या लोकाईले पुरन."

आणि पुरलं! सलीमभाईंनी पेढे आणले होते. साहेबांनी दोन ग्लास सरबत घेतलं आणि जाता जाता मॅडमच्या टेबलावर एक फाईल ठेवली. "ही मोजणी करून आणा. सहीसकट. यादीत नाव घालतो."

सलीमभाईंनी फाईलवरचं नाव वाचलं आणि हातातला पेढा खाली ठेवला.

"मॅडम, हा पास करायचा पेपर नाही. हा नापास करायचा पेपर आहे."

०००

शेत साखरखेर्ड्याच्या पुढं. दोन चुलतभाऊ, मधे एक बांध. अर्जदार भास्करराव, समोर लक्ष्मणआबा. अकरा वर्षं बोलणं बंद. तीनदा मोजणी झाली आणि तिन्ही वेळा आबांनी सही नाकारली. वाक्य ठरलेलं: "तुम्ही ज्याच्या जीपमंदी येता, हद्द त्याच्याच मनासारखी निंगते!"

मॅडम सकाळीच निघाल्या. पुढच्या सीटवर मशीनची पेटी, तिला बेल्ट लावलेला. मशीनचा खांब धरायला सलीमभाई हवेच होते आणि मी रजा टाकलेली; आम्ही दोघं मोटरसायकलवर मागं. फाट्यावर भास्करराव जीप घेऊन उभे. "मॅडम, गाडी इथंच लावा. पुढं पांदण खराब आहे. मी नेतो ना तुम्हाले!"

"नको," मॅडम म्हणाल्या आणि गाडी पांदणीत घातली. एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर, दुसरीकडची काठावर, चाकोरी टाळत टाळत. मागं आमचा जीव टांगणीला! भास्कररावांनी चिडून जीप तिथंच सोडली आणि पायीच मागं आले.

गाडी बांधापाशी थांबली. दार उघडलं. पाय बाहेर, कुबडी बाहेर, मॅडम उभ्या. दोन माणसं हात द्यायला धावली, त्यांना कुबडी वर करून तिथंच थांबवलं. भास्कररावांचा चहा नको, आबांचं पाणी नको. बाटली घरची.

तीन तास मोजणी चालली. मॅडम ढेकळांतून टोक न् टोक फिरल्या. घामानं निथळल्या, पण एक खूण दुसऱ्याच्या भरवशावर घेतली नाही. आणि हद्द निघाली ती आबांच्या पेरणीत दोन हात आत! सलीमभाईंनी डोळे मिटून घेतले. गेलं, आता गेलं!

आबांनी नकाशाकडे बघितलंच नाही. ते गाडीपाशी गेले. गोल चक्कर मारली. आत डोकावले.

"गाडी कोणाची?"

"माझी."

"ड्रायवर कुठं आहे?"

"मीच."

"पेट्रोल कोणाचं?"

"माझंच, आबा."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"आणा तो कागद."

सही झाली! सलीमभाईंनी माझा हात इतका दाबला की बोटं बधिर झाली. यादीत नाव आलं म्हणून समजा! नऊ वर्षं! माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायची मला काही गरजही वाटली नाही.

मॅडम निघाल्या, तर आबा खिडकीपाशी. "ताई, मले फाट्यालोग सोडता काय?"

मागून भास्करराव ओरडले, "हे पाहा! आता मॅडम त्याच्या झाल्या!"

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "दोघं बसा. नाही तर कोणीच नाही."

मग आबा या दारानं बसले, भास्करराव त्या दारानं. दोघांची तोंडं दोन खिडक्यांकडे. मॅडम आपल्या सीटवर बसल्या, पाय आत घेतला, आणि कुबडी उचलून दोन सीटांच्या मधून मागं सारली. बरोबर दोघांच्या मधोमध आडवी ठेवली.

"ही हद्द. फाट्यापर्यंत कोणी सरकवायची नाही."

गाडी निघाली. आम्ही मोटरसायकलवर मागं, मागच्या काचेत दोन टोप्या. पहिला खड्डा आला, कुबडी उसळली, आणि ती धरायला दोघांचे हात एकदमच गेले.